एका हाताची हलगी

गुंडा हलगीवाल्यानं फोन ठेवला आणि मी मोबाईल आपटला. गादीवर आपटला. राग कितीही आला तरी एवढं भान मला असतं.

“काय म्हनला?” आईनं स्वयंपाकघरातनं विचारलं.

“तीन तारखेला मोकळा आहे म्हणाला. पण बायकांच्या लेझीमला हलगी कशाला, टाळ्या वाजवा, असं म्हणाला. वर हसला.”

“हसला?”

“खदाखदा.”

आई लाटणं घेऊनच बाहेर आली. गुंडा समोर असता तर पुढची गोष्ट पोलीस चौकीत घडली असती. रागाच्या बाबतीत मी कुणावर गेलेय हे पेठेत कुणाला विचारावं लागत नाही.

माझी आई चांगुणा, वय चौपन्न. टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं टॉवेलच्या कडा शिवतेय. लहानपणी माढ्याकडच्या एका शाळेत ती लेझीम खेळायची. सातवीत शाळा सुटली, तशी लेझीमही सुटली. पुढची चाळीस वर्षं सोलापुरातल्या प्रत्येक मिरवणुकीत ती रस्त्याच्या कडेला उभी राहून बाप्यांची लेझीम बघत आली. बघताना तिचे पाय चपलेतल्या चपलेत हलायचे. मी शेजारी उभी असायचे, म्हणून मला माहीत. गेल्या वर्षी मात्र तिनं पेठेतल्या बावीस बायका गोळा केल्या आणि जाहीर करून टाकलं, “लई बगितली. आता खेळायची.”

सावित्रीबाईंच्या जयंतीला, तीन जानेवारीला, जिल्ह्याची लेझीम स्पर्धा होती. खुला गट. आमच्या पेठेतनं बायकांचा संघ कधी उतरला नव्हता. आईनं फॉर्म भरला. नियम एकच डोकेदुखीचा होता: बाजारातली तयार गाणी चालणार नाहीत, वाद्य संघाचं स्वतःचं पाहिजे. त्याची आम्हाला काळजी नव्हती, कारण आमच्याकडे हणमंतकाका होते.

हणमंतकाका रिक्षा चालवतात, आमच्याच गल्लीत राहतात आणि हलगी अशी वाजवतात की झोपलेलं माणूस उठून पाय आपटेल. “बापानं गावकीची हलगी फेकून दिली, लई ब्येस केलं,” ते नेहमी सांगतात. “मी धरली ती लेझमाची. कुनी सांगितलं म्हनून न्हाय, माज्या हौसंनं.” सहा महिने त्यांनी बायकांना तालावर घेतलं. आणि स्पर्धेला नऊ दिवस उरले असताना रिक्षाचं टप पुसायला स्टुलावर चढले, घसरले आणि उजवं मनगट मोडून घेतलं. बोटांपासनं कोपरापर्यंत प्लास्टर.

सोलापुरातले हलगीवाले तीन तारखेला कुणी ना कुणी धरून ठेवलेले. उरला होता तो गुंडा. त्याचं उत्तर तुम्ही ऐकलंच.

त्या संध्याकाळी आईनं खिळ्यावरची लेझीम काढली, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळली आणि मला म्हणाली, “जरा स्टूल दे. माळ्यावर ठिवते.”

“मी स्टूल देणार नाही,” मी ओरडले.

“आगं, वरडती कशाला?”

“माळ्यावर गेली की ती परत खाली येणार नाही. मला माहितीय. हलगी मी करते.”

“तू? तुला टिपरू तरी धरता येतं का?”

येत नव्हतं. पण मी घरी बसून गाण्यांना ताल करून देते. लग्नात गाणारे, शाळेच्या गॅदरिंगवाले, जयंतीची गाणी करणारी पोरं, सगळे माझ्याकडे येतात. मागच्या खोलीत लॅपटॉप, दोन स्पीकर, एक माइक. खोली घुमू नये म्हणून चारी भिंतींना चादरी टांगलेल्या, मोरांच्या डिझाइनच्या. ढोल, ताशा, तबला यातलं खरं वाद्य माझ्याकडे एकही नाही. सगळी वाद्यं लॅपटॉपच्या आत. कळ दाबली की वाजतात, हवी तशी पडद्यावर मांडता येतात. वाद्य संघाचं स्वतःचं पाहिजे ना? मग मी स्वतःचं करून देते की!

दोन दिवस बसून मी ताल मांडला. हलगी कुठल्याच संचात नव्हती, म्हणून कुठल्या तरी परदेशी डफाचा आवाज घेतला, थोडा ताशा मिसळला. मला तर झकास वाटला. गल्लीत स्पीकर लावला, बावीस बायका ओळीत उभ्या राहिल्या, मी कळ दाबली.

पाय उचलेनात. पुढची ओळ मागं, मागची पुढं. धम्मप्रिया ताल करून देते म्हणून पेठेत माझं नाव आहे, आणि माझ्याच गल्लीत माझी अब्रू चव्हाट्यावर.

“नाचता येईना, अंगण वाकडं,” मी चिडून म्हणाले.

“अंगन सरळ हाय,” आईनं लेझीम कमरेला लावली. “ही हलगी न्हाय पोरी. ह्ये पत्र्याचं डबडं हाय.”

मी तोंडाचा पट्टा सोडणार, तेवढ्यात पायरीवर बसलेल्या हणमंतकाकांनी विचारलं, “ह्यो आवाज तू कुटनं आनलास?”

“लॅपटॉपमधे असतो काका. कुणीतरी कुठंतरी एकेक ठोका वाजवलेला असतो. हळू, जोरात, कडेला, मधे. ते ठोके भरून ठेवलेले असतात. मी ते जोडते.”

“एकेक ठोका?”

“हो.”

“म्हंजी वाजवनाऱ्याला दोनी हात एकदम लागत न्हाईत?”

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. काकांनी डावा हात वर केला आणि बोटं हलवून दाखवली. “ह्यो हाय की.”

आईशपथ, मला आधी कसं सुचलं नाही? हलगी एका हातातलं जाड टिपरू आणि दुसऱ्यातली बारीक काडी यांनी वाजते. आधी जाड टिपरूचे ठोके एकट्या हातानं, मग बारीक काडीचे ठोके त्याच हातानं. दोन्ही हात एकत्र आणायचं काम लॅपटॉपचं. मी काकांच्या पाया पडायची तेवढी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका हलगी घरनं तापवून घेऊन आले. आईनं कारखान्यात दांडी मारली. पंखा बंद, खिडकी बंद, दार बंद. आईनं हलगीचं कडं दोन्ही हातांनी धरलं आणि काका डाव्या हातात जाड टिपरू घेऊन बसले. एकच ठोका परत परत वाजला तर कानाला टाईपरायटरसारखं लागतं, म्हणून प्रत्येक ठोका आठ वेळा घ्यायचा होता: आधी सगळे अगदी हलके, मग जरा मोठे, असं चढत शेवटी सगळे पूर्ण ताकदीचे. मधेच आईनं कडक भाकरी मोडली आणि माइकमधे तो कडाका हलगीपेक्षा मोठा आला. मी भाकरीसकट सगळं बाहेर ठेवलं.

अर्ध्या तासानं काका म्हणाले, “जरा शेकू दे की हिला.”

हलगीचं कातडं जाळावर धरून तापवतात, म्हणजे ते ताठ होतं. हे मला ऐकून माहीत होतं. पण माझी खोली, माझ्या चादरी, माझा लॅपटॉप!

“काका, इथं काडीपेटीसुद्धा आणायची नाही.”

“भाईर जाऊन शेकतो.”

“नको. दार उघडलं की गल्लीचा आवाज येतो, परत सगळं पहिल्यापासनं. तुम्ही वाजवा हो!”

काकांनी आईकडं पाहिलं. आईनं नजरेनंच सांगितलं, हिच्या नादी लागू नका. ते वाजवत राहिले. तीन तासांत सगळे ठोके झाले. दुपारी मी एकेक ठोका कापून कळांवर बसवला आणि हळू चालीत ताल वाजवून बघितला. बाबौ! खरी हलगी. आई दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला.

मग मी चाल वाढवली, ठोके जोरात केले, आणि हलगी मेली. जितकं जोरात वाजवावं तितकं ढप्प. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसं. हलके ठोके खणखणीत आणि जोरातले मढं, असं कुठं असतं का?

मी लगेच काकांना फोन लावला. विचार मी नंतर करते, हा माझा जुना रोग. “काका, डाव्या हातात दमच नाही तुमच्या. सगळे मोठे ठोके वाया गेले.”

ते म्हणाले, “आसंल बाई. डावाच हात त्यो,” आणि फोन ठेवला.

मी ठोके दुरुस्त करायला बसले. आवाज ओढून वर चढवला, तर हलगीची प्लास्टिकची बादली झाली. मग कंटाळून सगळे ठोके सकाळी वाजवले होते त्या क्रमानं एका ओळीत लावले आणि नुसते ऐकले. पहिल्यापासनं शेवटपर्यंत आवाज उतरत गेला होता. हळूहळू, जिना उतरल्यासारखा. डिसेंबरची थंडी, बंद खोली, तीन तास कातडं गार होत गेलेलं. हलके ठोके पहिले घेतले, तेव्हा ते तापलेलं होतं. पूर्ण ताकदीचे शेवटी घेतले, तेव्हा सैल पडलेलं. काकांच्या हाताचा काही दोष नव्हता. दोष माझ्या तोंडाचा होता.

मला माझीच इतकी लाज वाटली की काय सांगू! उठले आणि तशीच अनवाणी काकांच्या दारात गेले. ते खाटेवर बसून डाव्या हातानं कुशनवर टिपरू मारत होते. तालीम करत होते. माझ्या एका बोलण्यानं साठीला आलेला माणूस तालीम करत बसला होता.

“काका, चूक माझी आहे. हात चांगला आहे तुमचा. हलगी गार पडली होती. तुम्ही सांगत होता आणि मी ऐकलं नाही. मला माफ करा.”

त्यांनी टिपरू बाजूला ठेवलं. “शेकू दे म्हनलं हुतं की.”

“हो.”

“काडीपेटी आनू का आता?”

“पोतंभर जाळ आणा.”

काका हसले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी अंगणात पुठ्ठे आणि खोकी पेटवली. पाच ठोके झाले की आई हलगी घेऊन बाहेर पळायची, जाळावर फिरवायची, बोटानं टिचकी मारायची आणि आत यायची. “बोलली,” असं म्हणायची. मी पडद्यावर आवाजाची उंची मोजत होते. आई “बोलली” म्हणायची तेव्हा आकडा दरवेळी तिथंच यायचा. चौथ्या खेपेनंतर मी आकडा बघणं सोडलं. डोळ्यांत धूर, केसांत राख, चादरींना आठवडाभर जळकट वास. पण यावेळी पूर्ण ताकदीचा ठोका वाजवला तर शेजारच्या घरातला तान्हा रडत उठला. त्याच्या आईनं शिव्या दिल्या. मला त्या शिव्या लई गोड लागल्या.

वाद्य झालं. आता ते वाजवायचं कुणी? माझ्याकडे सोळा रबरी चौकोनांची एक पेटी आहे. चौकोनावर बोट मारलं की लॅपटॉपमधला ठोका वाजतो, हलकं मारलं तर हलका, जोरात मारलं तर जोरात. ती मी काकांच्या मांडीवर ठेवली. पहिल्या दिवशी त्यांनी ती अशी बडवली की आई म्हणाली, “भावजी, झुरळ मारायलाय का?” मग त्यांची तक्रार, “बोट आदी पडतंय, आवाज मागनं येतोय.” लॅपटॉपची तेवढी ढिलाई माझ्या कानाला कधी कळली नव्हती, त्यांच्या बोटाला कळली. मी ती सेटिंग बदलून घालवली. तिसऱ्या दिवशी काकांची दोन बोटं जाड टिपरूचं सगळं काम करायला लागली. बारीक काडीचं कडकड चालणारं काम एका हातात मावणारं नव्हतं. ते मी ठोका ठोका करून मांडलं आणि लॅपटॉपवर सोडलं. शेवटी चाल वाढते, तीही आधीच ठरवून दिली: अमुक मिनिटाला एवढी, मग एवढी.

एक जानेवारीला गल्लीत तालीम झाली. बावीस बायकांचे चव्वेचाळीस पाय एकदम पडले. आईनं जाता जाता माझ्या डोक्यावर टपली मारली.

तीन तारखेला मैदान तुडुंब. बारा संघ. अकरा बाप्यांचे आणि एक आमचा. हिरवी नऊवारी, लाल फेटे. आमचं नाव पुकारलं, तेव्हा मी लॅपटॉप मांडत होते आणि आमच्यानंतर मोडनिंबच्या संघानं धरलेला गुंडा पंचांना सांगत होता, “साहेब, ह्ये टेप लावायलेत. नियमात बसत न्हाय.”

पंच आले. “ताई, रेकॉर्डिंग चालत नाही.”

माझं तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी मला कोपरानं गप्प केलं. प्लास्टरच्या कोपरानं, चांगलं लागलं. त्यांनी डाव्या हाताचं एक बोट पेटीवर मारलं. दोन्ही स्पीकरमधनं हलगी कडाडली आणि पंच एक पाऊल मागं सरले.

“ही कुठनं आणली?”

“माजीच हाय साहेब. कातडं माजं, हात माजा. ह्या पोरीनं त्यात भरलाय,” काका म्हणाले. “तुमी मारून बगा.”

पंचांनी बोट मारलं. परत मारलं. तिसऱ्यांदाही मारलं, ते मात्र हौसेनं. “स्वतःचं वाद्य आहे,” त्यांनी वहीत लिहिलं. “खेळा.”

पहिली सहा मिनिटं कशी गेली मला कळलं नाही. आई पुढच्या ओळीत मधे होती. चाळीस वर्षं चपलेत कोंडलेले ते पाय मैदानावर पडत होते, आणि मी लॅपटॉपकडं बघायचं सोडून तिच्याकडंच बघत होते. लोक उठून उभे राहिले. शिट्ट्या सुरू झाल्या. आणि घोटाळा तिथंच झाला.

शिट्ट्या ऐकून बायकांना चेव आला. मी ठरवलेल्या चालीच्या पुढं त्या निघाल्या. काकांची नजर त्यांच्या पायांवर, त्यामुळं त्यांचा ठोका बायकांबरोबर धावला. लॅपटॉपची काडी मात्र मी सांगितलेल्या चालीनं निवांत मागनं येत होती. एकाच हलगीचे दोन हात भांडायला लागले. मागची ओळ डगमगली. आईनं वळून आमच्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची भीती मला एवढ्या लांबनं दिसली.

“काडी बंद कर!” काका ओरडले.

मी कळ दाबली. काडी थांबली. नुसतं जाड टिपरू उरलं, उघडंबोडकं.

“आता तू वाजव!”

“मला येत नाही काका!”

“आठ दिस कोन मांडत हुतं मग? वाजव म्हनतो न्हवं!”

मी पेटीच्या दुसऱ्या टोकाच्या चौकोनांवर बोटं टेकवली. आयुष्यात कधी हलगी हातात धरलेली नाही. पण त्या काडीचा प्रत्येक ठोका मी पडद्यावर माउसनं उचलून ठेवला होता, कुठला किती हलका, कुठला किती पुढं, सगळं तोंडपाठ होतं. पहिले दोन चुकले. तिसरा बसला. मग मी पेटीकडं बघायचं सोडलं आणि आईच्या पायांकडं बघायला लागले. पाय पडला की काडी, पाय उचलला की काडी. काकांचं टिपरू आणि माझी काडी एक झाली, मागची ओळ सावरली, आणि आईनं लेझीम डोक्यावर नेऊन आरोळी ठोकली, “वाढवा!”

काकांनी वाढवली. मी वाढवली. “आजून!” आई ओरडली. मैदान आमच्या ठोक्यावर टाळ्या वाजवत होतं. माझी बोटं जळत होती, मी रडत होते, हसत होते, आणि एकही ठोका सुटत नव्हता. शेवटचा ठोका काका, मी आणि चव्वेचाळीस पायांनी एकदम मारला. त्यानंतर जो गलका झाला त्यात मला माझाच आवाज ऐकू येईना.

निकाल लागला तेव्हा तिसरा माढ्याचा संघ, दुसरा मोडनिंबचा. पहिल्या नंबरला आमच्या पेठेचं नाव पुकारलं आणि बावीस बायका एकदम स्टेजवर चढल्या. फळ्या करकरल्या. चषक आईच्या हातात आला. तिनं तो पोटाशी धरला, लेकरू धरावं तसा.

निवेदक प्रमाणपत्र लिहीत होते. “संघाच्या हलगीवादकाचं नाव?”

“हणमंत बनसोडे,” आई म्हणाली. “आन धम्मप्रिया. माजी लेक.”

“ताई, हलगीवादक एकच असतो. एकच नाव सांगा.”

“आसं कसं एकच? हलगीला दोन हात लागत्यात. टिपरूचा हात त्येंचा, काडीचा हात हिचा. दोनी नावं लिवा.”

“रकाना एकच आहे हो.”

आईनं चषक माझ्याकडं दिला आणि निवेदकांच्या समोरच्या कागदावर बोट ठेवलं. माइक चालू आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

“मग बारीक अक्षरात लिवा. पर लिवा की!”

सगळ्या मैदानानं ते ऐकलं, आणि त्यांनी दोन्ही नावं लिहिली.